छातीत दुखतंय आणि हातात ॲस्पिरिन आहे? या चुका टाळा

छातीत दुखायला लागलं की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गॅस झाला असेल, जरा पडून रहा." सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हार्ट ॲटॅकमधे हृदयाला रक्त पुरवणारी नळी गुठळीने बंद झालेली असते आणि जेवढा वेळ जाईल तेवढा हृदयाचा स्नायू मरत जातो, तो परत येत नाही.

आणि सिनेमातल्यासारखं छाती धरून कोसळणं दरवेळी होतच असं नाही हो. बरेच जण सांगतात की दुखत नाहीये, छातीवर कोणीतरी बसल्यासारखं जड वाटतंय. ते जबड्यात, मानेत, पाठीत, एका किंवा दोन्ही हातांत जाऊ शकतं, सोबत दरदरून घाम, मळमळ, धाप. बायकांमधे, वयस्कर लोकांत आणि डायबिटीस असणाऱ्यांत तर कधीकधी छातीत काहीच नसतं, नुसती धाप लागते आणि गळून गेल्यासारखं होतं. म्हणून तर ते अंगावर काढतात.

दुसरी चूक, गोळी घेतली आणि आता बरं वाटतंय का ते बघत बसले. आधी ॲम्ब्युलन्सला फोन करा, मग गोळी. ॲस्पिरिन प्लेटलेट्सना, म्हणजे रक्तातल्या गुठळी बनवणाऱ्या कणांना, एकमेकांना चिकटू देत नाही त्यामुळे गुठळी वाढायची थांबते, पण बंद झालेली नळी ती उघडत नाही, त्याला हॉस्पिटलच लागतं. तरी तिचा फायदा पक्का आहे, 1988 च्या आयसिस-2 नावाच्या औषध-चाचणीत ॲटॅकच्या पेशंटना ॲस्पिरिन दिल्यावर पहिल्या 5 आठवड्यांतले हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे होणारे मृत्यू जवळपास 23 टक्क्यांनी कमी झाले होते.

गोळी अख्खी गिळू नका, चावून खा. साधारण 300 एमजी, म्हणजे 75 च्या असतील तर चार. चावली की लवकर रक्तात जाते. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन हे काम करत नाही, डबा नीट वाचा.

ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, पोटात अल्सरचं ब्लीडिंग होत असेल किंवा रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर ॲम्ब्युलन्सच्या फोनवर आधी विचारा. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात उचलत नाही तर तो स्ट्रोक असू शकतो, तिथे ॲस्पिरिन देऊच नका, कारण मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तो वाढेल आणि ते स्कॅनशिवाय कळत नाही.

अजून एक, काही त्रास नसताना "सेफ्टी म्हणून" रोज एक गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका, ब्लीडिंगचा धोका खरा आहे. उलट स्टेंट (हृदयाची नळी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेल्यांनी ती गोळी स्वतःहून बंद करू नका, दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

ॲटॅकच्या वेळी स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ॲम्ब्युलन्स आली की गोळी किती वाजता आणि किती एमजीची घेतली ते सांगा, म्हणजे पुढचा डोस त्यांना त्याप्रमाणे ठरवता येतो.