प्रकाशाची वेगमर्यादा समजून घेताना या चुका टाळा

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी (गुरुत्वाकर्षणाचे अवकाशातून पसरणारे तरंग) टिपणारी वेधशाळा उभी राहणार, हे कळल्यापासून आपल्या मराठवाड्यातली पोरं गुरुत्वीय लहरींबद्दल विचारू लागली आहेत. याचा मला फार आनंद आहे. पण चर्चा रंगली की गाडी हमखास एकाच प्रश्नाशी अडते: प्रकाशाहून वेगानं का जाता येत नाही? तिथं त्याच त्या चुका होतात, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ही मर्यादा प्रकाशापुरतीच आहे असं समजणं. सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर हा आकडा आपल्याला प्रकाशावरून सापडला, म्हणून त्याला प्रकाशाचं नाव मिळालं. मर्यादा मात्र प्रत्येक संदेशाला आहे. एका ठिकाणी काही घडलं, तर त्याचा परिणाम दुसरीकडे याहून लवकर पोचत नाही. गुरुत्वाकर्षणाचाही नाही. सूर्य अचानक नाहीसा झाला तर पृथ्वी लगेच भरकटेल, असं उत्तर बरेच जण देतात. ते चूक आहे. ती आणखी सुमारे आठ मिनिटं वीस सेकंद आपल्या कक्षेतच फिरत राहील.

याचा पुरावा १७ ऑगस्ट २०१७ रोजी मिळाला. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन अवशेष) एकमेकांवर आदळले होते. त्यांच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर पोचल्या आणि अवघ्या १.७ सेकंदांनी गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचाच एक प्रकार. १३ कोटी वर्षांच्या प्रवासात दोन सेकंदांचाही फरक नाही! औंढ्याच्या वेधशाळेचं महत्त्वही यातच आहे. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन या दोन वेधशाळांमध्ये सुमारे ३,००० किलोमीटर अंतर आहे, त्यामुळे लहर दोन्हीकडे पोचण्यात जास्तीत जास्त सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा फरक पडतो. त्या फरकावरून लहर कुठून आली हे काढतात. इतक्या दूर भारतात आणखी एक वेधशाळा झाली की ही दिशा कितीतरी नेमकी मिळेल. गुरुत्वाचा परिणाम तत्क्षणी पोचत असता, तर वेळेच्या फरकावरून दिशा काढताच आली नसती.

दुसरी चूक वेगांच्या साध्या बेरजेची. परभणी-नांदेड मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या ताशी १०० किलोमीटरनं धावत असतील, तर एकीतून दुसरीचा वेग २०० दिसतो. हे उत्तर पूर्ण बरोबर नाही, पण चूक इतकी बारीक की दशांशचिन्हानंतर अकरा शून्यं आल्यावर पहिला अंक येतो. मोठ्या वेगांना मात्र साधी बेरीज चालत नाही. दोन यानं प्रकाशाच्या ०.६ पट वेगानं समोरासमोर येत असतील तर उत्तर १.२ नाही. १.२ ला (१ + ०.६ × ०.६) म्हणजे १.३६ नं भागा, ०.८८ येईल. आता एका यानाच्या जागी प्रकाशकिरण घेऊन बघा: १.६ भागिले १.६, बरोब्बर १. हे गणित स्वतःच्या हातानं एकदा कराच. वाचून पटत नाही ते इथं पटतं.

‘इंजिन आणखी ताकदीचं केलं तर?’ हा प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर युरोपातल्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांना वेग देणाऱ्या यंत्रानं दिलंय. तिथं प्रोटॉनची ऊर्जा ३.५ वरून ६.५ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टवर नेली, म्हणजे जवळपास दुप्पट केली. वेग वाढला तो सेकंदाला आठ मीटरच्या आसपास. बाकी ऊर्जा वेगात उतरलीच नाही.

उत्तर लिहिताना ‘निर्वात पोकळीत’ हे शब्द गाळू नका. पाण्यात प्रकाश सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरनं जातो आणि तिथं इलेक्ट्रॉन त्याला मागं टाकू शकतो. अणुभट्टीच्या पाण्यात दिसणारा निळा उजेड त्यातूनच येतो. मूळ मर्यादा तरीही शाबूत राहते. आणि प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नाही: सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर.

न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशाच्या पुढं गेले, ही बातमी अजूनही फॉरवर्ड होत असते. बातमी २०११ ची आहे. सर्न या (कोलायडर जिथं आहे त्या) प्रयोगशाळेतून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेला गेलेले न्यूट्रिनो ६० नॅनोसेकंद लवकर पोचल्याचं दिसलं होतं. २०१२ मध्ये एका ऑप्टिकल फायबर केबलची जोडणी सैल असल्याचं सापडलं. पुन्हा मोजल्यावर ती आघाडी उरली नाही.