दुबई–मुंबई तीन तास, पण परभणी किती?

दुबई ते मुंबई हवाई अंतर साधारण 1,930 किलोमीटर. विमान तीन, फार तर साडेतीन तासांत पोचवतं. इथं दुबईत कामाला नवीन आलेलं प्रत्येक पोरगं घरी फोनवर हेच सांगतं, "आई, काळजी करू नको, तीन तासांत येतो." कृपा करून असं सांगू नका. आई ते खरं धरून बसते.

परभणी, सेलू, जिंतूरकडच्या माणसानं हिशोब खोलीच्या दारापासून घराच्या दारापर्यंत करावा. भाडं परवडतं म्हणून आपली बरीच मंडळी शारजात राहतात आणि संध्याकाळी शारजा–दुबई रस्ता तुंबलेला असतो. विमानतळ गाठायला दीड तास धरा, तिथं तीन तास आधी हजर राहा. रात्री दहाला उडालेलं विमान मुंबईत अडीचला उतरतं, कारण आपलं घड्याळ दीड तास पुढं. इमिग्रेशन, बॅगा, कस्टम उरकून सकाळची तपोवन एक्सप्रेस धरली, तरी परभणी येईपर्यंत दुपार टळून जाते. झाला की नाही जवळजवळ एक दिवस?

परतीच्या तिकिटावर तोच प्रवास दोन तासांचा दिसतो. दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या असतात, एवढंच. खरं तर वरचा वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळं दुबईला येताना थोडा वेळ जास्तच लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुबई–मुंबई एक तिकीट आणि मुंबई–संभाजीनगर दुसरं, असं स्वस्तात तोडून घेऊ नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं देणंघेणं नसतं, पैसे बुडाले. वेळेत आलं तरी बॅगा मुंबईतच उचलून कस्टममधून न्याव्या लागतात, पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवर असू शकतं. आता नवी मुंबईचंही विमानतळ झालंय, तेव्हा तिकिटावरचं नाव नीट वाचा. आमच्या खोलीवरचा एक मुलगा बहिणीच्या लग्नाला असाच निघाला. पुढचं विमान हुकलं, गाडी करून गेला, अक्षता पडल्यावर पोचला. वर्षभराची बचत त्या लग्नात लावली होती त्यानं. एकाच तिकिटावर पूर्ण प्रवास घ्या. ते जमत नसेल तर मुंबईहून रेल्वे धरा, पण तिकिटं तोडू नका.

नांदेड, देगलूर, उदगीरवाल्यांनी मुंबईचा हट्ट सोडून हैदराबाद बघावं. हवेतलं अंतर वाढतं, साधारण 2,550 किलोमीटर होतं, पण तिथल्या शमशाबाद विमानतळाहून गाव पाच-सहा तासांवर येतं. आपले लोक एजंट म्हणेल तेच तिकीट घेतात, स्वतः नकाशा उघडत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. मालकाला तो ठेवून घ्यायला इथल्या कायद्यानं मनाई आहे. हा देश कायद्यानं चालतो, विचारायला घाबरू नका.

आणखी एक, जे कुणी बोलत नाही. घरी म्हातारे आईवडील असतील तर भावाशी आधीच बोलून ठेवा. बातमी आली तर तुमच्यासाठी थांबायचं का, किती थांबायचं, तुम्ही नसाल तर अग्नी कोण देणार. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात फार थांबवता येत नाही. ऐनवेळच्या तिकिटाचे पैसे खात्यात वेगळे ठेवा. ते भिशीत घालू नका, कुणाला उसनेही देऊ नका.