तांबी की हॉर्मोनचं साधन? निवडताना या चुका टाळा

पाळणा काही वर्षं लांबवायचा ठरला, किंवा आता पुन्हा हलवायचाच नाही असं ठरलं, की पहिला प्रश्न बहुधा हाच येतो: हॉर्मोनवालं घेऊ की बिनहॉर्मोनचं? माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला असा की आत्ता तुमची पाळी कशी येते आणि तिच्यात किती बदल तुम्ही चालवून घ्याल? कारण लांब मुदतीची साधनं दिवस जाऊ न देण्याच्या कामात सगळीच पक्की आहेत. त्यांचा खरा फरक दिसतो तो रक्तस्रावात, आणि मुदत संपण्याआधी साधन काढून टाकलं जातं तेही बहुतेक वेळा त्याच कारणाने.

आकडेच बघा. हजार जणींनी पहिलं वर्षभर तांबी वापरली तर साधारण 8 जणींना दिवस जातात. हॉर्मोन सोडणाऱ्या तांबीवर 1 ते 4, दंडात बसवायच्या काडीवर जेमतेम 1. रोजच्या गोळ्यांवर, विसरणं-चुकणं धरून, हाच आकडा 70 च्या घरात जातो. म्हणजे 8 आणि 1 यांतल्या फरकावर रात्र जागवण्यात अर्थ नाही.

साधनं कोणती ते थोडक्यात. बिनहॉर्मोनची म्हणजे तांबी, कॉपर टी. तिच्या 380ए या प्रकाराची मुदत 10 वर्षं. तांब्याचे कण शुक्राणूंना निकामी करतात, बाकी शरीराच्या कारभारात ती ढवळाढवळ करत नाही. हॉर्मोनच्या बाजूला लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हॉर्मोन सोडणारी तांबी (दिसायला कॉपर टीसारखीच, पण तांबं नसलेली, बोली भाषेत तिलाही तांबीच म्हणतात, म्हणून घोळ होतो). तिच्या 52 मिलिग्रॅमच्या प्रकाराची मुदत देशागणिक 5 ते 8 वर्षं सांगितली जाते. मग दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसणारी 4 सेंटिमीटरची काडी, म्हणजे इम्प्लांट. एटोनोजेस्ट्रेल या हॉर्मोनच्या काडीची छापील मुदत बहुतेक ठिकाणी 3 वर्षं. आणि दर तीन महिन्यांनी घ्यायचं डीएमपीए इंजेक्शन. ते याच रांगेत बसवलं जात असलं तरी त्याचं वागणं वेगळं आहे.

'हॉर्मोन' ऐकताच दार लावून घेणं

गर्भनिरोधक गोळ्यांनी कुणाला काय काय झालं याच्या गोष्टी प्रत्येकीने ऐकलेल्या असतात. त्यातल्या काही खऱ्याही असतात. पण नेहमीच्या गोळ्यांमध्ये दोन हॉर्मोन असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. रक्ताच्या गाठीचा धोका मुख्यतः इस्ट्रोजेनशी जोडलेला आहे. म्हणूनच डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून मग अर्धशिशी उठते अशा बाईला, किंवा पस्तिशी ओलांडलेल्या आणि सिगारेट ओढणाऱ्या बाईला त्या गोळ्या देत नाहीत. वर सांगितलेल्या हॉर्मोनच्या तिन्ही साधनांत इस्ट्रोजेन अजिबात नाही. गोळ्या बंद कराव्या लागल्या म्हणून हॉर्मोनची तांबीही बाद, असं परस्पर ठरवू नका. तपासून घ्या.

शिवाय मात्रा. हॉर्मोनच्या तांबीतून सुरुवातीला दिवसाला साधारण 20 मायक्रोग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल सुटतं आणि पुढे ते कमी होत जातं. त्याच औषधाच्या नेहमीच्या गोळीत रोज 150 मायक्रोग्रॅम असतं. तांबीचं काम मुख्यतः गर्भपिशवीतच चालतं: मुखाशी असलेला चिकट स्राव घट्ट होतो, आतलं अस्तर पातळ राहतं. बहुतेकींचं अंडं महिन्याच्या महिन्याला सुटतच राहतं. दंडातली काडी मात्र अंडं सुटणंच थांबवते आणि इंजेक्शन त्याहून मोठ्या मात्रेत. एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात घेतलं तर निम्मी भीती जागच्या जागी बसते.

वजनाचं विचाराल तर इंजेक्शनवर काही जणींचं वजन खरोखर वाढतं. तांबी आणि काडीमुळे वाढतं असा ठोस पुरावा नाही. मूड, मुरुमं, डोकेदुखी, स्तन दुखणं याच्या तक्रारी येतात. काहींच्या थांबतात, काहींच्या नाही.

हॉर्मोन टाळायलाच हवेत अशी पक्की कारणंही आहेत. स्तनाचा कर्करोग असेल किंवा होऊन गेला असेल तर कॉपर टी. आणि कुठलाही आजार नसताना "मला शरीरात बाहेरचं हॉर्मोन नकोच" एवढं वाटत असेल, तर तेही पुरेसं कारण आहे. त्यासाठी कुणाकडून दाखला आणायची गरज नाही. फक्त मग पुढची चूक करू नका.

बिनहॉर्मोनचं म्हणजे बिनत्रासाचं, असं धरून चालणं

सगळ्यात जास्त भ्रमनिरास इथे होतो. कॉपर टीने पाळीत जास्त जातं, जास्त दिवस जातं आणि पोटातही जास्त दुखतं. पहिले तीन ते सहा महिने हे ठळक असतं, मग बहुतेकींना सवय होते किंवा त्रास उतरतो. ज्यांची पाळी मुळात तीन-चार दिवसांची, हलकी, न दुखणारी, त्यांना हा वाढीव भार जाणवला तरी झेपतो. ज्यांची मुळातच अंगावरून भरपूर जाते, त्यांना कॉपर टी बसवणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण.

"माझी पाळी नॉर्मल आहे" हे वाक्य इथे उपयोगाचं नाही, कारण प्रत्येकीचं नॉर्मल तिच्या घरातल्या बायकांवरून ठरलेलं असतं. साधन निवडण्याआधी दोन-तीन पाळ्या लिहून ठेवा. किती दिवस गेलं, दिवसाला किती पॅड लागले, दर एक-दोन तासांनी बदलावा लागला का, रात्री बदलण्यासाठी उठावं लागलं का, गुठळ्या पडल्या का, कामावर दांडी पडली का. आणि हिमोग्लोबिन तपासा. 12 च्या खाली असेल तर रक्त आधीच कमी आहे. अशा वेळी कॉपर टीचा हट्ट सोडून आधी कारण शोधायला हवं. गर्भपिशवीत गाठी असतील, आणखी काही असेल. हॉर्मोनची 52 मिलिग्रॅमची तांबी तर जास्त जाणाऱ्या पाळीवरचा उपचार म्हणूनही वापरतात. रक्तस्राव 90 टक्क्यांपर्यंत घटू शकतो. म्हणजे ज्या बाईला हॉर्मोनची सगळ्यात जास्त धास्ती, तिलाच कधीकधी त्याचा सगळ्यात जास्त फायदा.

कॉपर टी बसवलीच आहे आणि पहिल्या महिन्यांत त्रास होतोय? पाळीच्या पहिल्या दिवसांत आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड यांनी दुखणं आणि जाणं दोन्ही काहीसं कमी होतं. ॲसिडिटी, दमा, मूत्रपिंडाची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सहा महिन्यांनंतरही तेवढंच जात असेल तर "होईल सवय" म्हणत बसू नका.

विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात तांबं साठत जाणारा दुर्मीळ विकार, असेल तर कॉपर टी नाहीच.

पाळी थांबली म्हणून घाबरणं, आणि घाबरायचं तेव्हा न घाबरणं

हॉर्मोनच्या तांबीवर वर्षभरात पाचांतल्या साधारण एकीची पाळी येणंच बंद होतं. मग घरातल्या कुणीतरी सांगतं, घाण आत साठतेय. काही साठत नाही. अस्तर वाढलंच नाही तर बाहेर पडायला उरणार काय? साधन काढलं की पाळी परत येते.

पण त्याआधीचा टप्पा कुणी नीट सांगत नाही. पहिले तीन ते सहा महिने थोडंथोडं, अवेळी, डाग पडल्यासारखं जात राहतं. काडीवर तर पुढचा अंदाजच बांधता येत नाही. एकीचं बंद होतं, दुसरीचं पंधरा-पंधरा दिवस रेंगाळतं, आणि आपली गत काय होणार हे बसवण्याआधी ओळखण्याचा उपाय नाही. त्या अवेळी जाण्याने ज्यांचं रोजचं जगणं अडतं, मग ते धार्मिक कारणाने असो, कामाच्या स्वरूपामुळे असो किंवा निव्वळ वैताग म्हणून असो, त्यांनी हे आधी तोलावं. दर महिन्याला पाळी दिसल्याशिवाय चैन पडत नाही, अशा बाईला कॉपर टी जास्त मानवते.

आता उलट बाजू. कॉपर टीवर पाळी चुकली तर ते साधनामुळे झालं असं समजू नका. लगेच लघवीची चाचणी करा. कुठलीही तांबी असताना दिवस जाणं विरळ, पण गेलेच तर गर्भ नळीत असण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. चाचणी पॉझिटिव्ह आणि सोबत ओटीपोटात एका बाजूला कळ, चक्कर, खांद्यात दुखणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हॉर्मोनची तांबी किंवा काडी असताना आधी नीट येणारी पाळी अचानक थांबली आणि मळमळ वगैरे वाटली, तरी एक चाचणी करून मोकळं व्हा.

वर्षभरात मूल हवंय आणि इंजेक्शन घेताय

तांबी किंवा काडी काढली की दिवस राहण्याची क्षमता लवकर परतते. इंजेक्शन मात्र काढता येत नाही. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी नऊ-दहा महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. वंध्यत्व येत नाही, उशीर होतो. पण घाई असलेल्या जोडप्याला तो उशीर फार जड जातो. दीर्घकाळ वापरल्यास हाडांची घनताही थोडी घटते, बंद केल्यावर ती बरीचशी भरून येते. इंजेक्शनचा मोठा गुण असा की घरात कुणाला कळत नाही. हे कारण ज्यांना आहे, त्यांच्यासाठी ते बाकी सगळ्यावर मात करतं.

चालू औषधं न सांगणं

क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन, फिट्सवरची कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन यांच्यामुळे दंडातल्या काडीचं हॉर्मोन लवकर मोडतं आणि भरवसा कमी होतो. दोन्ही प्रकारच्या तांब्यांवर आणि इंजेक्शनवर याचा परिणाम होत नाही. औषधांचा कागद सोबत न्या.

"मूल झालेलं नाही, मग तांबी कशी?"

चालते. बसवताना जरा जास्त दुखू शकतं, वेदनाशामकाबद्दल आधीच विचारा. तांबीमुळे पुढे मूल होत नाही हाही जुना समज. जंतुसंसर्गाचा थोडा वाढलेला धोका असतो तो बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत. ताप, घाण वास येणारं पांढरं जाणं, वाढत जाणारं पोटात दुखणं यांकडे तेव्हा लक्ष ठेवा. एक मात्र खरं, लैंगिक आजारांपासून यातलं एकही साधन वाचवत नाही. तिथे कंडोमच.

बसवलं आणि विसरलं

तांबी आपोआप बाहेर पडू शकते, मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत, बहुधा पाळीत. बाळंतपणानंतर लगेच बसवली असेल तर ही शक्यता वाढते. म्हणून अधूनमधून, पाळी संपल्यावर, दोरा तपासा. हात धुवा, उकिडवं बसा, मधलं बोट आत सरकवा. नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं ते गर्भपिशवीचं मुख, आणि त्यातून बाहेर आलेले बारीक दोरे बोटाला लागतात. ओढायचे नाहीत. दोरे लागले, झालं. दोराच लागला नाही तर घाबरू नका, बरेचदा तो वर सरकलेला असतो. पण सोनोग्राफी होईपर्यंत कंडोम वापरा. दोऱ्यासोबत टणक टोक बोटाला टोचत असेल तर तांबी खाली सरकली आहे, तेव्हाही तेच. पाळीचा कप वापरत असाल तर काढताना आधी त्याची हवा सोडवा, नाहीतर दोरा अडकून तांबी ओढली जाते.

मिळालेलं कार्ड जपा. नाव, प्रकार, बसवल्याची तारीख. दहा वर्षांनी कुठली बसवली होती हे आठवत नाही. चाळिशीनंतर बसवलेली कॉपर टी अनेक मार्गदर्शक सूचनांनुसार पाळी जाईपर्यंत ठेवता येते, पण त्यासाठीही तारीख हवी.

एकावरून दुसऱ्यावर जाताना मधे फट ठेवणं

कॉपर टी बसल्या क्षणापासून काम करते. असुरक्षित संबंधानंतर 5 दिवसांच्या आत बसवली तर तातडीचं गर्भनिरोधक म्हणूनही ती सगळ्यात भरवशाची. हॉर्मोनची तांबी पाळी सुरू झाल्यापासून 7 दिवसांच्या आत आणि काडी 5 दिवसांच्या आत बसवली तर वेगळी काळजी लागत नाही. त्यानंतर बसवली तर पुढचे 7 दिवस कंडोम.

काढतानाची गोम मात्र बऱ्याच जणींना ठाऊक नसते. शुक्राणू आत 5 दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे मूल नको असताना तांबी आज काढली आणि दोन दिवसांपूर्वी संबंध आला होता, तर दिवस राहू शकतात. काढण्याआधीचे 7 दिवस कंडोम वापरा किंवा संबंध टाळा. त्याच बैठकीत नवी बसवायची असली तरी हे पाळा, कारण नवी आत गेलीच नाही असं एखाद वेळी होतं. जोडीदार नसबंदी करून घेणार असेल तर तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी होऊन शुक्राणू नाहीत असा अहवाल येईपर्यंत तुमची तांबी जिथे आहे तिथेच राहू द्या.