जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचे कपॅसिटर बदलताना या चुका टाळा

वर्षानुवर्षे बंद असलेल्या व्हॉल्व्ह रेडिओची पिन थेट सॉकेटमध्ये खोचून ‘चालतो का बघू’ म्हणणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. फिल्टरचा, म्हणजे सप्लायचे डीसी व्होल्टेज सपाट करणारा, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर शॉर्ट झालेला असेल, तर त्याच्यापायी एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि मेन्स ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. म्हणून पहिला सप्लाय ६० किंवा १०० वॅटच्या सीरिज बल्बमधूनच (सेटच्या मेन्स वायरमध्ये ओळीने जोडलेल्या फिलामेंटच्या बल्बमधून) द्यावा. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटची चासी (भाग बसवलेला धातूचा सांगाडा) मेन्सला थेट जोडलेली असते. असा सेट, मेन्सपासून त्याला वेगळा ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडा चालवू नये.

मल्टिमीटरवर कपॅसिटन्स बरोबर आला म्हणजे कपॅसिटर चांगला, हा समज स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (करंट नियंत्रित करणाऱ्या जाळीकडे) सिग्नल जाऊ देऊन डीसी अडवणाऱ्या कपलिंग कपॅसिटरच्या बाबतीत फार घातक ठरतो, कारण मीटर ही मोजणी अगदी कमी व्होल्टेजवर करतो आणि मेणकागदाच्या कपॅसिटरचे लीकेज (डीसी करंटची गळती) मात्र २००-२५० व्होल्टवर उघड होते. समजा, लीकेजचा रोध १०० मेगओहम आहे आणि ग्रिड रेझिस्टर १ मेगओहमचा आहे. २५० व्होल्टवर ग्रिडला सुमारे अडीच व्होल्ट पॉझिटिव्ह मिळतात. ईएल ८४ या आउटपुट व्हॉल्व्हला जेमतेम सात व्होल्टचे बायस (ग्रिडला निगेटिव्ह ठेवून करंट आवरणारे व्होल्टेज) लागते, त्यामुळे एवढ्यानेही तो जादा करंट खेचू लागतो, आणि लीकेज वाढत गेले की आउटपुट ट्रान्सफॉर्मरही धोक्यात येतो. खात्रीसाठी सेट बंद करून कपॅसिटरचे ग्रिडकडचे टोक सोडवावे आणि सेट चालू करून ते टोक व चासी यांमधले डीसी व्होल्टेज पाहावे. काटा किंवा आकडा शून्याकडे उतरला नाही, तर तो कपॅसिटर काढून टाकावा. माझ्या मते हा एक कपॅसिटर न तपासताच बदलावा.

फिल्टर कपॅसिटर बदलताना ‘जास्त मायक्रोफॅरड म्हणजे कमी हमिंग’ या हिशेबाने १०० किंवा २२० चा बसवू नये. ईझेड ८० सारख्या रेक्टिफायरला पहिल्या कपॅसिटरसाठी ५० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे. आउटपुट व्हॉल्व्ह तापेपर्यंत सप्लायवर भार नसल्याने व्होल्टेज बरेच वर चढते, म्हणून ४५० व्होल्टचाच घ्यावा. जुना कपॅसिटर तसाच ठेवून नवा समांतर जोडू नये. काही सेटमध्ये जुन्या डब्याखाली इन्सुलेटिंग वॉशर असतो, कारण तिथे निगेटिव्ह चासीला थेट नसून बायसच्या रेझिस्टरमार्गे जाते. नव्याचे निगेटिव्ह सरळ चासीला जोडले, तर तो रेझिस्टर वगळला जाऊन बायसच बिघडते.

ट्यूनिंगच्या भागातले मायका आणि सिरॅमिक कपॅसिटर सहसा चांगलेच असतात. विनाकारण बदलल्यास अलाइनमेंट (ट्यूनिंगची जुळणी) ढळते. बाकीचे एकेक करून बदलावेत आणि दर वेळी सेट तपासावा, कारण सगळे एकदम बदलल्यावर झालेली चूक शोधणे फार कठीण जाते. सोल्डरिंगपूर्वी फिल्टर कपॅसिटर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट न करता रेझिस्टरमधून डिस्चार्ज करावा आणि मीटरने शून्य पाहूनच हात घालावा.

शेवटी ईएल ८४ चे कॅथोड व्होल्टेज (त्यातून जाणारा करंट दाखवणारे) दहा-पंधरा मिनिटे पाहत राहावे. ते हळूहळू चढत असेल आणि कपलिंग कपॅसिटर नवा असेल, तर दोष बहुधा व्हॉल्व्हमध्येच आहे.