कुलपाचा घरचा पिक निळा पडू देऊ नका

किल्लीशिवाय कुलपं उघडण्याचा छंद असलेली मंडळी आपापली हत्यारं शेजारी मांडतात, तेव्हा घरी बनवलेला पिक (कुलपाच्या आतल्या पिना उचलायची बारीक पट्टी) लगेच ओळखू येतो. फरक आकारात कमी, काठात जास्त. पिक बनवायला हॅक्सॉ ब्लेड (लोखंड कापायच्या करवतीचं पातं) ग्राइंडरवर घासताना (गॉगल लावूनच) दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. टोक निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलंच. मग ते पिनांवर वाकतं. शेवटी ४०० आणि नंतर १००० नंबरच्या ओल्या वॉटर पेपरने कडा गोल करा. नखावरून फिरवल्यावर ओरखडा उठता कामा नये. या परीक्षेत विकतचे स्वस्त सेटही नापास होतात, त्यांनाही हाच पेपर मारा. सराव स्वतःच्या आणि वापरात नसलेल्याच कुलपावर. पिनांना इजा झाली तर दाराचं कुलूप किल्लीलाही दाद देत नाही.