अमेरिकी विद्यापीठाच्या ऑनर्स प्रोग्रॅममध्ये जावे की नाही, हे कसे ठरवावे

अमेरिकेतील विद्यापीठाच्या प्रवेशपत्रासोबत, किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत, काही विद्यार्थ्यांना ऑनर्स प्रोग्रॅमसाठी निवड झाल्याचे दुसरे पत्र येते. घरात आनंद होतो आणि उत्तराची मुदत जवळ असल्यामुळे बहुतेक जण होकार कळवून मोकळे होतात. हे पत्र म्हणजे बक्षीस नव्हे; चार वर्षांच्या जादा कामाचा तो करार आहे, आणि करार वाचूनच सही करावी.

आधी शब्दाचा घोळ दूर करावा. आपल्याकडे ऑनर्स म्हटले की वेगळी पदवी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत पदवी तीच राहते, तिच्यावर अभ्यासाचा आणखी एक थर चढतो. पदवी मिळताना केवळ गुणांच्या आधारे दिले जाणारे ‘कम लॉडे’, ‘सुमा कम लॉडे’ हे लॅटिन सन्मान निराळे असून, अनेक विद्यापीठांत ते ऑनर्स प्रोग्रॅममध्ये नसलेल्यांनाही मिळतात. फक्त गुणवत्तेची मोहोर हवी असेल, तर तिच्यासाठी हा खटाटोप करण्याची गरज नसते.

यानंतर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून ऑनर्स पूर्ण करण्याच्या अटींचे पान काढावे. माहितीपुस्तिकेतील छायाचित्रे बाजूला ठेवावीत. पदवीला साधारणपणे १२० क्रेडिट (कोर्स मोजण्याची एकके) लागतात. त्यांपैकी किती ऑनर्सचे असावे लागतात, किमान जीपीए (सहसा ४ पैकी मोजली जाणारी गुणांची सरासरी) किती आणि प्रबंध सक्तीचा आहे का, हे लिहून काढावे. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या बॅरेट कॉलेजात पहिल्या वर्षापासून येणाऱ्यांना ३६ ऑनर्स क्रेडिट आणि प्रबंध पूर्ण करावा लागतो, शिवाय वेगळे शुल्कही पडते. पेन स्टेटच्या श्रेयर कॉलेजात जीपीए ३.४० च्या खाली जाऊन चालत नाही. दोन विद्यापीठांचे ऑनर्स एकसारखे असेल असे गृहीत धरू नये.

मग कागदावर आठ सेमिस्टरचे आठ रकाने आखून प्रत्येकात मुख्य विषयाचे सक्तीचे कोर्स भरावेत. उरलेल्या जागेत ऑनर्सचे कोर्स बसतात का, ते पाहावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे रकाने इतके भरतात की ऑनर्ससाठी उन्हाळी सत्र किंवा जादा कोर्स घ्यावे लागू शकतात. इतिहास किंवा अर्थशास्त्र घेणाऱ्याला तुलनेने मोकळीक असते. एपी किंवा आयबी या शाळेत असतानाच पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांचे क्रेडिट वापरून लवकर पदवी घेण्याचा विचार असेल, तर ते क्रेडिट ऑनर्सच्या सक्तीच्या कोर्सऐवजी चालतात का, हे विचारावे. अनेकदा चालत नाहीत.

कोर्स कोणत्या प्रकारचे आहेत, यावर बरेच काही अवलंबून असते. १५-२० विद्यार्थ्यांचा स्वतंत्र वर्ग, टेबलाभोवती बसून होणारी चर्चा आणि नाव ओळखणारा प्राध्यापक मिळत असेल, तर मोठ्या सरकारी विद्यापीठात ही सोय अमूल्य ठरते. याउलट काही ठिकाणी निम्मे ऑनर्स ‘कॉन्ट्रॅक्ट’वर चालते. संख्याशास्त्राच्या दोनशे जणांच्या नेहमीच्या वर्गातच बसायचे, वर दहा पानांचा एक निबंध लिहायचा आणि प्राध्यापकांना चार वेळा भेटायचे, की त्या कोर्सला ऑनर्सचा शिक्का बसतो. प्राध्यापक मनावर घेणारे असले तर यातूनही खूप मिळते, नसले तर ती नुसती हजेरी होते. त्यामुळे आपल्या विषयात गेल्या वर्षी ऑनर्सचे किती स्वतंत्र वर्ग प्रत्यक्ष भरले, ते कार्यालयाला विचारावे.

जीपीएचा हिशेबही आधीच करून पाहावा. समजा अट ३.४ ची आहे आणि पहिल्या वर्षाअखेर ३० क्रेडिटवर जीपीए ३.२ आला. पुढच्या १५ क्रेडिटच्या एकाच सेमिस्टरमध्ये ३.४ गाठायचा, तर त्या सेमिस्टरमध्ये ३.८ मिळवावा लागेल. नव्या देशातले पहिले वर्ष लक्षात घेता हे सोपे नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील पदवीच्या विद्यार्थ्याला सर्वसाधारणपणे सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट ठेवावे लागतात. म्हणून न झेपलेला ऑनर्स कोर्स मध्येच सोडण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घ्यावी लागू शकते.

माझ्या मते खरा निकाल प्रबंधावर लागतो. अमेरिकेतील ऑनर्सच्या प्रथेला स्वार्थमोर कॉलेजात १९२२ मध्ये फ्रँक आयडेलॉट यांनी ऑक्सफर्डच्या धर्तीवर वळण दिले, तेव्हाही भर स्वतंत्र वाचनावर आणि बाहेरच्या परीक्षकांसमोर उभे राहण्यावर होता. पीएचडीकडे किंवा संशोधनाकडे ओढा असेल, तर प्रबंधाच्या निमित्ताने एका प्राध्यापकाबरोबर वर्षभर केलेले काम आणि त्यांचे शिफारसपत्र, एवढ्यासाठीही ऑनर्स घ्यावे. एकाच प्रश्नाशी वर्षभर झुंजण्याची कल्पनाच नकोशी वाटत असेल, तर कोर्स निवडताना मिळणारा अग्रक्रम आणि चांगले वसतिगृह यांच्या मोहात पडू नये. चौथ्या वर्षी नोकरीच्या मुलाखती किंवा पुढील शिक्षणाचे अर्ज आणि प्रबंध एकदमच अंगावर येतात. आपल्या विभागातील जुन्या प्रबंधांची यादी मागवून दोन-तीन चाळले, की आपल्याला हे करावेसे वाटते का, ते तासाभरात कळते.

पैशांबाबत एकच प्रश्न पुरतो : शिष्यवृत्ती ऑनर्सशी जोडलेली आहे का? तशी असेल, तर प्रोग्रॅम सोडताच तीही जाऊ शकते. नसेल, तर मध्येच बाहेर पडले तरी मूळ पदवीला सहसा धक्का लागत नाही.

एवढे करूनही मन होत नसेल, तर पहिल्या वर्षाच्या गुणांवर नंतर प्रवेश देण्याची सोय आहे का, असल्यास किमान जीपीए किती आणि जागा किती, हे ईमेलने विचारून घ्यावे आणि लेखी उत्तर हाती आल्यावरच नकार कळवावा.