निसर्गचित्रणासाठी अल्ट्रा-वाइड लेन्स कशी निवडावी?

नागपूरच्या फुटाळा किंवा अंबाझरी तलावाच्या काठावर उभे राहून कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्समधून पाहिले की तलावाची दोन्ही टोके चौकटीत मावत नाहीत. तेवढ्यावरूनच अनेक जण १० मिमीची अल्ट्रा-वाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारी लेन्स घेण्याचे ठरवतात. माझ्या मते हे कारण पुरेसे नाही, कारण कॅमेरा उभा धरून एकमेकांवर थोडी चढणारी चार-पाच छायाचित्रे काढली आणि ती संगणकावर जोडली, तर तेवढाच विस्तार एकही रुपया खर्च न करता मिळतो. अल्ट्रा-वाइड लेन्सचे खरे काम वेगळे आहे. पायाशी असलेला दगड, गवताचा झुबका किंवा नावेचे टोक ती भव्य करते आणि दूरचे सगळे लहान करते. नागपूरच्या आसपासचा प्रदेश बहुतांश सपाट, टेकड्याही बुटक्या. त्यामुळे खिंडसी तलावाच्या काठावरून ही लेन्स लावून रामटेकचा डोंगर टिपला, तर तो क्षितिजावरची एक बारीक रेघ होऊन बसतो. म्हणून लेन्स निवडताना, चौकटीत किती मावेल यापेक्षा आपण जवळच्या वस्तूंच्या किती जवळ जायला तयार आहोत, हे आधी ठरवावे.

ते ठरवण्यासाठी गेल्या वर्षभरातील आपली निसर्गचित्रे संगणकावर उघडा आणि प्रत्येकाची फोकल लेंथ, म्हणजे लेन्सचा मिमीमधील आकडा, पाहा (तो जितका लहान, तितके दृश्य रुंद). ती छायाचित्राच्या माहितीत नोंदलेली असते. बहुतेक चित्रे ३५ ते ५५ मिमीच्या दरम्यान असतील, तर तुमची नजर दूरच्या आकारांकडे जाते आणि तुम्हाला कदाचित दूरचे जवळ आणणारी टेलिफोटो लेन्सच अधिक उपयोगी पडेल. बहुतेक १८ मिमीवर असतील, तर त्यांच्या खालच्या तिसऱ्या भागात काय आहे ते तपासा. तिथे नुसती रिकामी माती किंवा सिमेंटचा काठ दिसत असेल, तर अधिक रुंद लेन्सने तो रिकामेपणा आणखी वाढेल. आकाशाचेही तसेच आहे. मे महिन्यातील धुरकट, कोरे आकाश अर्ध्या चौकटीत पसरलेले पाहवत नाही, तर जुलै-ऑगस्टमधील ढगांना हीच लेन्स न्याय देते.

यानंतर सेन्सरचा, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणाऱ्या भागाचा हिशेब करा. फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स आडव्या दिशेने सुमारे ७४ अंश पाहते, १६ मिमीची ९७ अंश आणि १४ मिमीची १०४ अंश. त्याहून लहान, म्हणजे क्रॉप सेन्सर असल्यास फोकल लेंथला निकॉन, सोनी आणि फुजीफिल्ममध्ये १.५ ने, तर कॅननमध्ये १.६ ने गुणावे लागते. म्हणजे कॅननच्या क्रॉप कॅमेऱ्यावर १० मिमीची लेन्स फुल फ्रेमवरील १६ मिमीइतकी रुंद ठरते. नेहमीच्या १८-५५ किट लेन्सची रुंद बाजू १.५ पटीच्या सेन्सरवर सुमारे ६७ अंशांची असते, हे लक्षात घेतले की फुल फ्रेमवरील १६ मिमीच्या ९७ अंशांपर्यंतची उडी किती मोठी आहे ते कळते. त्यापुढे रुंद होत जाणे महागही आहे आणि अवघडही, कारण कडेची झाडे आणि माणसे बाहेरच्या बाजूला ताणली जातात. नागपूर परिसरासाठी मी १६-३५ किंवा क्रॉप सेन्सरसाठी १०-१८, १०-२० अशी झूम लेन्सच सुचवेन, कारण पुढचा भाग रंगत नसेल तर चौकट तिथल्या तिथे आवळता येते. फिशआय लेन्स मात्र चुकून घेऊ नका. तिच्यात सरळ क्षितिजही वाकते.

अपर्चरच्या, म्हणजे लेन्समध्ये प्रकाश येण्याच्या छिद्राच्या (एफचा आकडा लहान, तर छिद्र मोठे) बाबतीत दुकानदाराचा आग्रह बहुधा एफ/२.८ कडे असतो. निसर्गचित्रे मात्र ट्रायपॉडवर, एफ/८ ते एफ/११ वर काढली जातात. फुल फ्रेमवर १६ मिमी आणि एफ/८ ठेवून साधारण सव्वा मीटरवर फोकस केले, तर सुमारे ६० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. त्यामुळे एफ/४ ची हलकी लेन्स पुरते आणि उरलेल्या पैशांत चांगला ट्रायपॉड येतो. अपवाद ताऱ्यांचा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे कृत्रिम उजेडापासून जपलेल्या रात्रीच्या आकाशाचे ठिकाण म्हणून मान्यता मिळाली आहे; तिथले रात्रीचे आकाश टिपण्याचा तुमचा खरोखर विचार असेल, तर एफ/२.८ चा खर्च सार्थकी लागतो. मात्र अशी लेन्स पूर्ण उघड्या अपर्चरवर कोपऱ्यातील ताऱ्यांना पंख फुटल्यासारखे दाखवत नाही ना, हे नमुना छायाचित्रांत आधी पाहून घ्यावे.

लेन्सची पुढची काचही नीट पाहा. काही लेन्सची काच फुगीर आणि बाहेर आलेली असते, त्यामुळे तिच्यावर साधा गोल फिल्टर बसत नाही. निकॉनची जुनी १४-२४ मिमी एफ/२.८ हे त्याचे ठळक उदाहरण. निकॉनचीच झेड १४-३० मिमी एफ/४ मात्र ८२ मिमीचा फिल्टर घेते. धबधब्याचे पाणी रेशमी दिसावे म्हणून प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर वापरणाऱ्यांनी हा फरक विसरू नये. पोलरायझर फिल्टरचा उपयोग पाण्यावरची चकाकी घालवण्यापुरता ठेवा. इतक्या रुंद चौकटीत त्याने आकाशाचा एकच पट्टा गडद निळा होतो आणि तो विचित्र दिसतो.

आता प्रत्यक्ष चाचणी. सीताबर्डीच्या दुकानातून घ्या किंवा कुणाकडून जुनी घ्या, स्वतःचा कॅमेरा सोबत न्या, कारण काही जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते आणि निकॉनच्या डी३०००, डी५००० मालिकांच्या कॅमेऱ्यांवर त्यांचा ऑटोफोकस चालत नाही. शक्य असेल तर एक सकाळ लेन्स मागून घ्या आणि अंबाझरीला जा. समोरच्या काठाची सरळ रेषा चौकटीच्या वरच्या कडेजवळ आणून छायाचित्र काढा. ती रेषा कमानीसारखी वाकली, तर ते सॉफ्टवेअरने सहज दुरुस्त होते, पण लाटेसारखी वर-खाली झाली, तर दुरुस्ती किचकट असते. मग एकच दूरचे झाड चारही कोपऱ्यांत आळीपाळीने ठेवून एफ/८ वर टिपा आणि पूर्ण मोठे करून तुलना करा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर चालेल. एकच कोपरा धूसर असेल तर आतली काच कललेली असण्याची शक्यता आहे आणि ती लेन्स परत करावी. शेवटी उगवता सूर्य चौकटीत घेऊन एक छायाचित्र काढा, कारण इतक्या रुंद लेन्समध्ये सूर्य चौकटीत किंवा तिच्या कडेला वारंवार येतो आणि रंगीत ठिपके पडणारी लेन्स कायम त्रास देते.

जुनी लेन्स असल्यास मोबाइलच्या दिव्याच्या उजेडात ती आरपार पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी आहे. ती लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. चांगली निघालेली लेन्सही पावसाळ्यात कपाटात उघडी न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्यात.